मामांची डावी टाच

आमच्या कर्जतच्या फार्मसी कॉलेजात प्रयोगशाळेचं सामान सांभाळणारे एक मामा आहेत. मुलांनी भेगांचं मलम केलं की उरलेलं मागून घेतात आणि रोज फक्त उजव्या टाचेला चोळतात. "मामा, डावीशी भांडलात काय?" असं पोरं चिडवायची. "ऱ्हाऊ दे रं," एवढंच म्हणायचे.

परवा वाडीवरच्या शिबिरात एक आजी मलमाची डबी घेईना. "पोरासोरांनी केल्यालं मी नाय लावत." मुलांचे चेहरे पडले. मामा चपला काढून तिच्यापुढे पाठमोरे उभे राहिले. उजवी टाच मऊ, डावी उन्हाळ्यातल्या शेतासारखी फाटलेली.

आजी दोन्हींकडे बघत राहिली. मग तिनं दोन डब्या उचलल्या आणि एक मामांच्या हातात ठेवली.

"पटलं. आता डावीला पन लाव रं."