हात जाईल तिथे ठेवणारे साडू

माझ्या साडूंच्या घरात एकही वस्तू तिच्या जागेवर नसते, आणि आजवर त्यांची एकही वस्तू हरवलेली नाही. या दोन्ही गोष्टी ज्याच्या बाबतीत एकदम खऱ्या आहेत असा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये, अंड्यांच्या खणात असतो, कारण सकाळी उठल्यावर ते डोळे चोळत पहिल्यांदा पाण्याच्या बाटलीकडे जातात. मेणबत्ती आणि काड्यापेटी बाथरूममध्ये, कारण वीज नेमकी ते आंघोळीला बसले की जाते असा त्यांचा अनुभव. छत्री बारा महिने स्कूटरला बांधलेली. घराची जादा किल्ली तर त्यांनी आमच्याकडे, आमच्या देवघरात ठेवली आहे. ‘कुलूप उघडलं नाही की मानूस देवाचंच नाव घेतो ना भो!’ असं त्याचं कारण. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेव्हणी. ती म्हणते, लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी संसार केलाच नाही, नुसती शोधाशोध केली.

‘वस्तू कुठं मावते ते नाही बघायचं,’ साडू समजावून सांगत. ‘घाईत मानसाचा हात पहिले कुठं जातो, ते बघायचं.’ सिल्वासातल्या एका सुताच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. तिथे प्रत्येक बोल्टाला नंबर आणि प्रत्येक नंबराला खण. दिवसभर हा जाच सोसून माणूस घरी येऊन सूड उगवतो, अशी माझी समजूत होती. ते धुळ्याकडचे, मी रत्नागिरीचा. मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो. दोघेही पोटामागे इथे आलो आणि सासुरवाडीत एकमेकांशी तोलले जायचो ते इथेही तोलले जाऊ लागलो. सासूबाई बासुंदीची मोठी वाटी त्यांच्याच पानात ठेवायच्या, हे मी अजून विसरलेलो नाही.

साडूंचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचं एक जुनं, हातात धरून खेळायचं गेमचं मशीन घरी राहिलं. दोन तळहातांत मावणारं, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. साडू त्याच्या नादी लागले. खेळाच्या नव्हे, मशीनच्या. त्यात कस्टम फर्मवेअर बसवायचं त्यांनी ठरवलं. म्हणजे काय, हे मला त्यांनी पोहे खाता खाता सांगितलं: कंपनीने मशीनला जे शिकवून पाठवलेलं असतं त्यावर हौशी लोकांनी केलेलं आपलं शिक्षण चढवायचं, मग ते कंपनीचं सोडून आपलं ऐकतं. एवढं झालं असतं तर एका दुपारचं काम. पण त्या फाइली ठेवायच्या कुठे, हा प्रश्न आला आणि साडूंचं जेवणावरचं लक्ष उडालं.

‘मशीनच्या आतल्या मेमरीत टाकू का कार्डावर? आतलं पक्कं, पन बिघडलं तर सगळंच बसलं. कार्ड बरं, काढलं की मोकळं. पन कार्ड खराब झालं तर?’ दर रविवारी आमच्या घरी ही चर्चा. माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून अर्धंमुर्धं ऐकू जाई. तिने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘भाऊजी प्लॉट घेतायत का कुठे? मग दादऱ्याला बघा म्हणावं.’ पुढे दोन्ही कुटुंबं दादऱ्याला वनगंगेच्या बागेत गेलो तेव्हा सगळे तळ्यावर होड्या बघत होते आणि साडू मला फोल्डरांची नावं सांगत होते. मी मान डोलावत होतो. शाळेत मुलं माझ्यापुढे डोलावतात तशीच.

शेवटी एके दिवशी ते आनंदाने लाल होऊन आले. त्यांना शोध लागला होता की त्यांचं मशीन बटणांच्या नेमणुकीची, म्हणजे कोणत्या बटणाने काय करायचं ते सांगणारी, फाइल आधी कार्डावर बघतं. तिथे मिळाली की आतल्या मेमरीत तीच फाइल असली तरी ढुंकून बघत नाही. ‘म्हंजे याचा बी हात पहिले एकाच खिशात जातो, मास्तर!’ आपल्याच स्वभावाचं कोणी भेटल्याचा तो आनंद होता.

त्याच सुमारास मला अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. पाय परत आला, बोलणंही परत आलं; उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं मात्र ऐकेनात. शाळेने मला वाचनालयात बसवलं. हात आला तर वर्गावर, नाही तर निवृत्तीपर्यंत तिथेच, असं मुख्याध्यापकांनी फार गोड शब्दांत सांगितलं. ज्याला फळ्यावर ‘क’ काढता येत नाही तो मराठीचा मास्तर कसला? दाबायला दिलेला रबरी चेंडू मी पलंगाखाली भिरकावला होता. डाव्या हाताने वरणभात खाताना मला माझी लाज वाटे. बायको समोर बसून दुसरीकडे बघत जेवायची.

अशा एका रविवारी साडू ते मशीन घेऊन आले. वरून रंगीत विटा पडतात, त्या रचायच्या, असा साधा खेळ. मी बटणं दाबली तर डाव्या बाजूची सगळी मेलेली. जे काही व्हायचं ते उजव्या अंगठ्याने. विटांचा ढीग बघता बघता वर गेला आणि मी हरलो. पुन्हा हरलो. मग मी भडकलो.

‘ही थट्टा आहे का? डावी बटणं चालू करून द्या.’

‘चालूच हायेत ना,’ साडू शांतपणे म्हणाले. ‘दोन फाइली केल्यात. अवघडवाली कार्डावर, सोपीवाली आत. तुम्हाला सोपं पाहिजे, तर कार्ड काढून घ्या.’

ते कार्ड नखाएवढं. मशीनच्या पोटात, एका झाकणीच्या मागे. झाकणी नखाने उचलायची, कार्ड आत दाबायचं, सुटलं की चिमटीत धरून ओढायचं. माझी चिमूट होत नव्हती. बायको पदराला हात पुसत पुढे झाली, तशी साडूंनी तिला चहा टाकायला पाठवलं.

मी डॉक्टरांच्या सल्ल्याने जो व्यायाम केला नव्हता तो साडूंवरच्या रागाने केला. रोज हरलो, रोज त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि रोज हरून झालं की त्या झाकणीशी झटापट केली. रविवारी ते येत, मी कसा हरतो ते बघत आणि कारखान्यातल्या बातम्या सांगत. हाताचं एका अक्षरानेही विचारत नसत. मग एकदा झाकणी उघडली. त्यानंतर कितीतरी दिवस कार्ड नुसतं आत-बाहेर होत राहिलं. आणि एका सकाळी, बायको भाजी घ्यायला गेली असताना, ते सुटून माझ्या चिमटीत आलं, निसटलं आणि कोचाखाली गेलं. मी गुडघ्यांवर बसून त्याच दोन बोटांनी ते फरशीवरून उचललं. बायको परत आली तेव्हा मी तिथेच, जमिनीवर बसून रडत होतो. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. तिला वाटलं, दुसरा झटका आला.

रविवारी मी साडूंना सगळं मिरवून सांगितलं. मग विचारलं, ‘आणि मी डाव्या हाताने काढलं असतं तर?’

‘मंग? मी कुठं मना केलं होतं? डाव्या हातानं तर पहिल्याच दिवशी निघत होतं.’ त्यांनी बशीतला चहा संपवला. ‘पन तुम्ही मास्तर मानूस. कॉपी नाही करनार.’

मी वर्गावर परत गेलो. माझं अक्षर आता थोडं कललेलं येतं, पण वाचता येतं.

या वर्षी साडू निवृत्त होऊन धुळ्याकडे त्यांच्या गावी गेले. जाताना मशीन माझ्याकडेच ठेवलं. त्यांचे आभार मी मानले नाहीत. आमच्यात साडूचे आभार मानत नाहीत, त्याच्या नावाने कुरकुर करतात. तीही मी फोनवर रीतसर करतो. मशीन आता कार्डाशिवाय, सोप्या खेळावर चालतं आणि मी जिंकतो. फक्त रविवारी, ते यायचे त्या वेळेला, कार्ड परत आत सरकवतो, समोरची खुर्ची रिकामी ठेवतो आणि मनसोक्त हरत बसतो.