काचपेटीबाहेर काढलेला स्फटिक

लालबागची मुलगी गणपती सोडून भट्टीपाशी बसते, यावर परळच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे हसले. हसू देत. सौदा मी केला होता: सणाची सुट्टी तुमची, भट्टी माझी. एरवी पीएचडी करणाऱ्या आम्हा सगळ्यांची त्या एका भट्टीवरून भांडणं. मला ती सलग हवी होती. भायखळ्याहून भाजी आणून विकणाऱ्या आईकडून मी एवढं शिकले होते, की समोरच्याला हवं ते आधी द्यावं आणि मग आपलं काढून घ्यावं.

भट्टी अगदी सावकाश थंड केली, तेव्हा मुशीत नखाएवढा काळा, चकचकीत स्फटिक निघाला. कोबाल्ट आणि ऑक्सिजनचे पातळ थर, मधे सोडियम, अभ्रकासारखे पदर. त्याचं एक टोक तापवून दुसरं त्याहून थंड ठेवलं की वीज तयार होते. सातशे अंशांपर्यंत, थरांच्या दिशेने, ती किती होते हे मला मोजायचं होतं. माझा सगळा प्रबंध त्या तुकड्यावर उभा होता. दमट हवा लागली की तो बिघडतो, म्हणून कोरड्या काचपेटीत ठेवून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उघडू नये.

सोमवारी आले तर स्फटिक माझ्या मार्गदर्शक सरांच्या टेबलावर, उघड्या बशीत. शनिवारपासून. वर पांढुरका थर, कडेचे पदर सुटलेले.

"सर, हा बाहेर कुणी काढला?"

"अगं, पाहुण्यांना हातात घेऊन बघायचा होता. नाही कसं म्हणणार? परत वाढव की."

"कशात? भट्टीसाठी रांग लागलीय."

"आवाज खाली. ही प्रयोगशाळा आहे, भाजीबाजार नाही."

"भाजीबाजारात दुसऱ्याच्या पाटीतला माल न विचारता उचलला तर हात धरतात, सर."

बाहेर कुणीतरी खोकलं. मी थांबले नाही. दिवाळीची अख्खी सुट्टी भट्टी मला आणि काचपेटीची किल्ली माझ्याकडे, हे कबूल करून घेऊनच खोलीबाहेर पडले. 'चुकलं माझं' एवढं मात्र घासाघीस करूनही सुटलं नाही त्यांच्या तोंडून.

दिवाळीत दुसरा स्फटिक वाढला. पहिल्याहून लहान, कडेला तडा गेलेला. सातशेपर्यंत मोजला, आकडे बरे आले, प्रबंध झाला. सर अजून ते आकडे परिषदांत कौतुकाने दाखवतात. लोक टाळ्या वाजवतात, मी वाजवत नाही. पहिल्याने किती वीज दिली असती, हे आता कुणालाच कळणार नाही. आणि सरांनी ते एकदाही विचारलेलं नाही.