पट्टेवाला

"नजर ठेवावी लागतीय बघा," असं म्हणत तो गिरणीत माझ्या मागेच उभा राहायचा. बाकीची गिऱ्हाइकं डबा ठेवून भाजी आणायला जायची. हा मात्र ज्वारी टाकल्यापासून पीठ पिशवीत पडेपर्यंत हलायचा नाही, आणि वर गिरणीच्या तोंडाला चिकटलेलं पीठ बोटानं खरवडून घ्यायचा. तुम्हीही पाहिली असतील असली माणसं. मला तर अस्सा राग यायचा! गिरणीवाला पीठ मारतो, हा सगळ्या जगाचा संशय. जग माझ्यावर संशय घेतं म्हणून मी जगावर घेतो. फिट्टंफाट.

तो मराठवाड्याकडचा. पिंपरीकडे तेव्हा नव्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, त्यातल्या एकात फिटर होता. आमच्या चिंचवड गावठाणात, माझ्या गिरणीच्या मागची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. एकटाच. सोबत एक कारवानी जातीची शिकारी कुत्री, उंच, हडकुळी, मागचा एक पाय उचलून चालणारी. कुणाशी रामराम नाही, कुणाकडे चहा नाही. असा माणूस सरळ असेल का, तुम्हीच सांगा.

एकदा मला म्हणाला, "भाऊ, कुत्रीसाठी पट्टा पाहिजे. गिरणीचा जुना आहे का?"

मी इंजिनच्या तुटक्या पट्ट्याचा एक तुकडा काढून दिला. गळ्यात बांधायला पुरे होता.

"असला नको. दोन अखंड द्या."

"अहो, कुत्री आहे की हत्ती?"

हसला नाही. दोन जुने पट्टे खांद्यावर टाकून निघून गेला.

मग रोज संध्याकाळी त्याच्या बंद खोलीतून खडखड, घरघर सुरू झाली. गिरणीत तर्कांना ऊत आला. एक म्हणाला, खोटे रुपये पाडतो. दुसरा म्हणाला, कारखान्यातलं काहीतरी आणून कुटतो. मी सरळ जाऊन त्याच्या दाराच्या फटीला डोळा लावला.

दोन लाकडी रुळांवर माझे दोन पट्टे ताणलेले, त्यांवर फळकुटं आडवी ठोकलेली, आणि त्या फळकुटांवर कुत्री दोरीनं बांधलेली. ती चालेल तसा पट्टा तिच्या पायांखालून मागे सरकत होता. कुत्री पळत होती आणि होती तिथंच होती! हा कोपऱ्यात उभा राहून म्हणत होता, "हळू, बाई. हळू."

"आत या की," तो वळून न बघताच म्हणाला. "चोरून कशाला बघायलाव?"

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पण गेलो आत.

मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकनं तिचा पाय मोडला होता. हाडवैद्यानं बसवला आणि बजावलं, रोज सपाटीवर चालवा. "माळावर सोडली तर ससा दिसंल, ही उधळंल, आन् पाय परत जाईल," तो म्हणाला. "घरधनीण गेली, ही तेवढी मागं ठेवून. हिला लंगडी कशी ठेवू?"

खरं सांगतो, मला ते पटलं. म्हणजे बरंचसं पटलं. एवढा खटाटोप नुसत्या कुत्र्यासाठी, हे थोडं खटकतच होतं.

आता गंमत बघा. कुत्रीला पट्ट्यावर पळवतो म्हणून गावानं त्याचं नाव पाडलं 'पट्टेवाला'. दिवस दारूबंदीचे. दिघीच्या बाजूला ओढ्याकाठी हातभट्ट्या लागायच्या. तिकडे बातमी गेली ती अशी, की गिरणीमागे सरकारचा पट्टेवाला येऊन राहिलाय आणि दारू हुंगायला कुत्रं तयार करतोय!

भट्टीवाल्यांतला एकजण दळणाचं निमित्त करून आला. "त्या पट्टेवाल्याला सांगा, कुत्रं आवर म्हनावं."

"अहो, तो फिटर आहे. आणि ती कारवानी. ती डोळ्यानं शिकार करते, नाकानं नाही."

"आमाला शिकवता व्हय? बिनकामाच्या कुत्र्यासाठी कोन यंत्र बनवतंय का?"

माझाच प्रश्न होता तो.

पुढच्या आठवड्यात त्याच्या उंबऱ्यावर मटणाचा तुकडा पडला. कुत्रीच्या आधी कावळ्यानं उचलला, आणि कावळा तिथंच पाय वर करून पडला.

त्या दिवसापासून त्यानं तिला नवा धडा दिला. आधी पट्ट्यावर पळवायची, मग "बास, बाई, बास" म्हणून उतरवायची, आणि भाकरी फक्त आपल्या हातून. दुसऱ्या कुणी काही पुढे केलं की काठी आपटायचा. माझ्या बायकोनं एकदा दशमी दिली, तर तिलाही ऐकवलं, "वहिनी, राग मानू नका. कुणाच्या हातचं खायचं न्हाई तिनं." बायकोनं राग मानला. मी नाही मानला.

पावसाळ्यात त्याला ताप भरला. कारखान्यातल्या सोबत्यांनी पुण्याच्या इस्पितळात न्यायला टांगा आणला. टांग्यात बसताना त्यानं माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. ती नजर मी ओळखतो, मीही गिऱ्हाइकाकडे तसंच बघतो. मग खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "भाऊ, तिला बघा."

तो परत आला नाही. निरोपच आला.

पट्टेवाला गेला म्हटल्यावर भट्टीवाल्यांचं भय संपलं. पण हे कुत्रीला कोण सांगणार? तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. भाकरी दिली, दूध दिलं, मटण दिलं. मान फिरवून पडून राहायची. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा झाली. "अहो, जरा मायेनं द्या की," बायको म्हणायची. माया कुठून आणू? भीती मात्र पोटभर होती, की ही माझ्या हातात जाणार.

शेवटी मी तिला पट्ट्यावर चढवलं. दोरी बांधली आणि तो उभा राहायचा त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. आधी ती नुसती थरथरली. मग एक पाय टाकला, दुसरा टाकला, फळकुटं खडखडली आणि ती धावायला लागली. चारही पाय सरळ पडत होते. हे बघायला तो हवा होता हो! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, कशाला लपवू?

"बास, बाई, बास," मी म्हणालो.

ती उतरली. मी भाकरी पुढे धरली. तिनं भाकरीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी एक घास खाऊन दाखवला. तरी नाही. मग भाकरी जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसलो.

बऱ्याच वेळानं मागून मचमच ऐकू आली.

मी वळून पाहिलं नाही. म्हटलं, बरोबर केलंस, बाई. माझ्या हातचं मीपण खाल्लं नसतं.