बाद शिता

आखातात, एगैलातल्या त्या तीनमजली घरात द्वारका मार्चमध्ये कामाला लागली, तेव्हा तिला सगळ्यात जड गेलं ते मालकिणीला, नूराला, 'मामा' म्हणणं. इथे घरकामाच्या सगळ्याच बायका मालकिणीला मामा म्हणतात. कुडाळकडच्या बाईला मामा म्हटलं की मिशा दिसतात. पण झाली सवय.

त्याआधी दोन वर्षं ती साल्मियात एका सिरियन कुटुंबाकडे होती. मोडकंतोडकं अरबी तिथेच शिकली. ते कुटुंब देश सोडून गेलं आणि जाताना तिचा व्हिसा नूराच्या घरावर करून दिला. पासपोर्ट नूराच्या कपाटात गेला.

सप्टेंबरात दर्शनाचा गावाहून फोन आला. "आये, डॉक्टरान डिसेंबरची सत्तावीस दिल्यान हा." मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी. आणि माहेर म्हणजे आता एकटी आईच. बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. द्वारकाने त्याच दिवशी रजा मागितली. नूरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाद शिता."

साल्मियातली ती सिरियन मुलं खिडकीला नाक लावून 'शिता, शिता' ओरडायची तेव्हा बाहेर पाऊस पडत असायचा. बाद शिता, म्हणजे पावसानंतर. द्वारकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावातही लोक पावसानंतरच्या गोष्टी करतात. तिने मुलीला कळवलं, "हय पाऊस नोव्हेंबरात. एकदा पडलो की येतंय."

मग ती घराच्या मागे लागली. गच्चीवरच्या पन्हळीच्या तोंडातून उन्हाळाभराची वाळू आणि कबुतरांची पिसं काढली. खिडक्यांच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या. उन्हाळ्यात टाकीचंच पाणी उकळतं म्हणून बंद ठेवलेले गीझर चालू करून पाहिले. माळ्यावरचे गालिचे उतरवून, झटकून अंथरले, ब्लँकेटांना ऊन दाखवलं. गावी मे महिन्यात पावसाचा मारा अडवायला पडवीला झडी बांधतात, तसं ड्रायव्हर अशरफकडून जाड प्लास्टिक आणवून गच्चीवरच्या कपडे धुण्याच्या जागेला बांधलं.

"दीदी, यहाँ दो दिन पानी गिरता है," स्वयंपाक करणारी हफिजा म्हणाली. "तुम तो नाव बना रही हो."

"दोन दिवस तर दोन दिवस. एकदाचा पडू दे."

नूरा सगळं बघून गेली. "शातरा!" म्हणाली. हुशार आहेस. द्वारका खूश झाली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला. रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचलं, शाळांना सुट्टी मिळाली. शेजारच्या घरात पाणी शिरलं, नूराच्या घरात एक थेंब आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. द्वारकाने बॅग भरली, केस विंचरले आणि दिवाणखान्यात जाऊन उभी राहिली.

"मामा, पासपोर्ट."

"कशाला?"

"शिता झाली. मी गावाला जाते."

नूराने आधी तिच्याकडे, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि ती हसायला लागली. वाईट नव्हतं ते हसणं. "शिता आत्ता कुठे सुरू झाली, द्वारका. मार्चमध्ये जा."

"मुलीचं डिसेंबरात आहे."

"शुक्रवारी सगळे खैरानला समुद्रकाठच्या बंगल्यावर, इतर दिवशी घरभर पाहुणे. तू नसलीस तर हे घर कोण बघणार? काल बघितलंस ना शेजारी काय झालं?" मग आवाज मऊ करून ती म्हणाली, "बाळ मार्चमध्येही असेलच की. मी त्याच्यासाठी छान ब्लँकेट देईन."

हफिजा दारातून ऐकत होती. स्वयंपाकघरात तिने द्वारकाला स्टुलावर बसवलं. "शिता माने ठंडी, दीदी. पूरी ठंडी. बारिश को शिता सिरियावाले बोलते हैं, ये लोग मुतर बोलते हैं."

एरवी त्या शब्दाला द्वारका पोट धरून हसली असती.

"मी तक्रार केली तर?"

"पहले केस, फिर शेल्टर. मेरी बहन पाँच महीना बैठी थी."

द्वारकाने बोटांवर मोजलं. पाच महिन्यांत मार्चसुद्धा उलटून जात होता.

बॅग तिने पलंगाखाली सरकवली. कपडे काढले नाहीत. जिन्याखालच्या तिच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही तिनेच बुजवली होती. आता उघडायची म्हटली तर उघडेना.

चार दिवसांनी दुपारी पुन्हा आभाळ भरून आलं. द्वारका गच्चीवर ब्लँकेटं गोळा करत होती, तेवढ्यात पहिले थेंब पडले. ती प्लास्टिकखाली धावली आणि खिशातला फोन वाजला.

"आये, कधी येतलस गो? सासू इचारता. माका हयच ठेवूया म्हणता."

"येतलंय."

"पाऊस पडलो?"

"नाय गो. अजून पडूक नाय."

"मगे ह्यो आवाज कसलो?"

प्लास्टिकवर पाऊस तडतडत होता. तिने साफ केलेल्या पन्हळीतून पाणी न अडता, भरधाव खाली चाललं होतं.

"टाकी भरता," द्वारका म्हणाली.