गरम जॉबचं माप

सूतगिरणी बंद पडल्यावर पन्नाशीच्या काकांनी कॉलेजात लेथ मशीन शिकायला नाव घातलं. रात्री गोदामावर पहारा द्यायचा आणि सकाळी डोळे चोळत मशीनपुढे उभं राहायचं, असं वर्षभर चाललं होतं. मागच्या परीक्षेत त्यांनी घरी जायच्या घाईत जॉब, म्हणजे मशीनवर कातलेला लोखंडी तुकडा, गरम असतानाच मोजला. माप अगदी बरोबर भरलं. पण निवल्यावर लोखंड आकसलं आणि काका नापास झाले.

आज शेवटची संधी होती. निघताना बायकोने बजावलं, "आज घाई केलीत, तर जेवायलाही गोदामावरच जा."

म्हणून शेवटचा पातळ थर काढण्याआधी त्यांनी मशीन बंद केलं आणि जॉब निवेपर्यंत ते स्टुलावर टेकले. टेकले ते घोरूच लागले.

"अहो काका, जॉब कधीच गार झाला. तुम्हीही झालात की काय?" मास्तर ओरडले. पोरं खिदळली.

काका धडपडत उठले. जॉब चाचपून त्यांनी माप घेतलं आणि उरलेला थर हलक्या हाताने काढला. मास्तरांनी जॉब पुन्हा निवू दिला, मायक्रोमीटर दोनदा लावला आणि ते म्हणाले, "पास."

"मग आता झोपलो तर चालेल?" काकांनी विचारलं.