त्या बाईचा निंब

मी शाळेत सायन्स शिकवतो. भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारा माणूस आहे मी, तेव्हा उगाच भोळसट समजू नका...

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. जऊळका स्टेशनापासून बैलांच्या दमणीने तासाभरावर, टेकडीच्या उतारावर दहा-बारा घरांची वस्ती आहे. वऱ्हाडच्या उन्हात तिथली निंबांची गर्द सावली म्हणजे स्वर्गच! हवापालटासाठी पार अकोल्याहून लोक येत. माझ्या बायकोला, इंदूला, छातीचा आजार. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिला तिथे नेलं, एक खोली भाड्याने घेतली.

तिथला रिवाज असा — आजाऱ्याने आपल्या हाताने निंबाचं रोप लावायचं. रोप जगलं तर माणूस जगतं. मी हसलो, इंदूने मात्र मनापासून लावलं. मग चार दिवस ती तापात पडली, पाणी घालायचं माझ्यावर आलं, आणि मी चक्क विसरलो. रोप वाळलं.

आमच्या आधी त्याच खोलीत एक बाई वारली होती. ती गेली, तरी तिचं रोप मात्र घरामागे टवटवीत उभं होतं. भरदुपारी मी ते उपटून इंदूच्या आळ्यात लावलं. ती उठली, रोप बघून हरखली. ताप उतरला, भाकरी जाऊ लागली. मनाचे खेळ, दुसरं काय!

पण मागचं रिकामं आळं रोज सकाळी ओलं असायचं. घरमालकीण म्हणाली, तिकडे कोणी फिरकतही नाही. एक दिवस उजाडताच मी तिथे जाऊन बसलो. कोणी आलं नाही... आणि माझ्या डोळ्यांदेखत माती भिजत गेली.

मी कोणालाच काही बोललो नाही. तरी जेवताना इंदू म्हणाली, "तुमी त्या बाईचा निंब कायले आणला? रिकाम्या आळ्यात पाणी घालून राह्यली ती. तिचा तिले देऊन टाका."

"तुले बरं वाटून राह्यलं ना? मंग राहू दे."

"दुसरीचं घेऊन मले नाई जगायचं."

ती ऐकेचना. मी त्याच दुपारी रोप परत लावलं. ते तगलं. इंदू नवव्या दिवशी गेली.

डॉक्टर म्हणतात, आजारच तसा होता. असेल. पण तिला हे कोणी सांगितलं, ते मला आजही उमगलेलं नाही. आणि खरं सांगू? पुन्हा तीच वेळ आली, तर मी तो निंब परत देणार नाही.