देवघराला बँकेचं कुलूप

"साहेब, दारं लागल्याशिवाय शेठ पैसे देत नाय, अन् पैसे भरल्याशिवाय तुम्ही दारं सोडत नाय. मी करू काय?"

उस्मानभाई माझ्या टेबलापुढे उभे होते. बांधकामाचे छोटे ठेकेदार, हातात एकच काम, पंचवटीतल्या सदूशेठ भांडीवाल्यांचं घर. बुधवारी, बाजारच्या दिवशी मजुरी दिली नाही, तर माणसं दुसरीकडे जाणार आणि ठेकाही हातचा जाणार होता.

मी तेव्हा नाशिकच्या एका बँकेत गोडाऊन-क्लार्क होतो. कर्ज हवं तर माल बँकेच्या कुलपात, हा नियम. तो माल म्हणजे तारण. कर्ज बुडालं तर विकायचा. कापूस, गूळ गोदामात निमूट पडून राहतात. ठेकेदाराच्या विटा आज ढीग, उद्या भिंत, आणि भिंत मालकाची. ती उचलून आणणार कोण? त्यात मंदीचे दिवस. म्हणून आमच्या एजंटसाहेबांनी, शाखेच्या प्रमुखाला तेव्हा एजंट म्हणत, डोकं लढवलं. विटा नकोत, सागवानी दारं तारण घ्या.

दारं ठेवायला गोदाम नव्हतं. शेठच्या त्याच अर्धवट घरातली एक खोली छपरासकट तयार होती, पण कुलूप लावायला तिला दार कुठे होतं? मग तारणातलंच एक दार बसवलं, आणि त्यावर मी ऐटीत बँकेचं कुलूप ठोकलं.

उस्मानभाईंची अडचण ऐकून, निम्मी दारं तरी सोडू या, असं मी साहेबांना सुचवलं. नियमात बसत नाही, म्हणाले. मला भयंकर राग आला. पण नोकरी माझी, राग गिळला.

मंगळवारी सकाळी सदूशेठ घामाघूम होऊन आले. वास्तुशांत दोन दिवसांवर आली होती. भटजी घर पाहून गेले आणि विचारत होते, ईशान्येची खोली बंद का?

"ते माझं देवघर आहे," शेठ म्हणाले. "तुमच्या बँकेनं देव बाहेर ठेवलेत."

साहेबांनी चष्मा पुसला. "उस्मानभाईंना द्यायचा हप्ता इथंच भरा. कुलूप निघेल."

पैशापैशाला घासाघीस करणाऱ्या शेठनी मुकाट्याने पैसे मोजले. आमचं कर्ज फिटलं, उरलेल्यात बुधवारची मजुरी भागली. माझा जीव भांड्यात पडला. ही वसुली आपल्या दूरदृष्टीमुळे झाली, असं साहेबांनी हेड ऑफिसला कळवलं.

बँका छोट्या ठेकेदाराला का बिचकतात, हे मला तेव्हा कळलं. त्याचा माल दुसऱ्याच्या घरात जातो आणि त्याचे पैसे दुसऱ्याच्या मर्जीवर येतात.

पुढच्या कामासाठी उस्मानभाई पुन्हा कर्ज मागायला आले. साहेबांनी आधी विचारलं, "देवघर कुठल्या बाजूला?"

"गोठा बांधतोय, साहेब."

कर्ज नामंजूर झालं.